दांडीवरची दोन बोटं

६ फेब्रुवारी

आज कॅन्टीनमध्ये कळलं की पोरं माझ्यामागे मला 'गादीवाले सर' म्हणतात. चहा देणाऱ्या बाईंच्या तोंडून निसटलं. मी म्हटलं, का हो, मी काय दुकान टाकलंय? तर म्हणे तुमच्या पोरांचं विमान गादीवर टेकल्यासारखं टेकतं म्हणून. वरवर कपाळाला आठ्या घातल्या, पण दिवसभर मनात गुदगुल्या होत होत्या. इतकी वर्षं या शाळेत विमान उडवायला शिकवतोय, माझ्या हाताखालच्या एकाही पोराने विमानाला साधा ओरखडा आणलेला नाही. हे चारचौघांत बोललं तर बढाई होते. स्वतःच्या डायरीत स्वतःची पाठ थोपटायला कोणाची परवानगी लागत नाही.

उलट आमची हेडमास्तरीण बघा. आमच्याकडच्या दुसऱ्या शिकवणाऱ्या बाईंना हे नाव मीच ठेवलंय, मनातल्या मनात. तरुण आहे, हुशार आहे, आमच्याकडे येऊन फार दिवस झाले नाहीत. तिच्या विद्यार्थ्याचं विमान उतरताना असं आदळतं की हँगरमधला मेकॅनिक पाना टाकून बाहेर येतो. आणि बाई शेजारच्या सीटवर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली, बसची वाट बघत असल्यासारखी. आज तिला म्हटलं, पोरांच्या दाढा निखळतील, जरा मदत करत जा. ती म्हणाली, "मदतच करते सर. हात मांडीवर ठेवायला किती जड जातं ते तुम्हाला नाही कळायचं." हल्ली उलट उत्तर दिलं की हुशारी दिसते असा समज आहे.

९ फेब्रुवारी

मुंगीचं काम झकास चाललंय. मुंगी म्हणजे माझ्या ताईची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मीच ठेवलेलं नाव, आणि ती वाढलीही बेताचीच. तिच्या पाठीशी एक उशी आणि खाली एक उशी घातल्याशिवाय तिला काचेतून पुढचं दिसत नाही. पण जिद्द अशी की विचारू नका. पहाटे सगळ्यांच्या आधी हजर, विमानाला प्रदक्षिणा घालून एकेक स्क्रू बघणार.

ताई चष्म्याच्या दुकानात काम करते. नवरा गेल्यापासून तिने एकटीने हिला वाढवलं. विमानाचं नाव काढलं तेव्हा ताईने दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. शेवटी तयार झाली ती एकाच अटीवर, की शिकवणारा मी असेन. "तुझ्या हातात देतेय," म्हणाली होती. तिच्या त्या वाक्याचं ओझं मला रोज विमानात बसताना जाणवतं. म्हणून मी मुंगीच्या बाबतीत जरा जास्तच डोळ्यांत तेल घालून असतो.

आमच्या छोट्या विमानात दोन सीट शेजारी-शेजारी असतात आणि दोघांच्या पुढ्यात एकेक दांडी. दोन्ही दांड्या आतून जोडलेल्या, एक हलली की दुसरीही हलते. विमान जमिनीजवळ आलं की योग्य क्षणी दांडी अलगद मागे ओढून नाक उचलायचं. सगळी कला त्या दोन-चार सेकंदांत आहे. लवकर ओढली तर विमान वरच्या वर लोंबकळतं, उशीर केला तर पुढचं चाक आपटतं. त्या वेळी मी माझ्या दांडीला खालून फक्त दोन बोटं लावून ठेवतो. पकडत नाही, ओढत नाही, नुसती लावून ठेवतो. काही वेडंवाकडं झालंच तर हात जवळ असावा. पोरांना ती दिसतही नाहीत.

मुंगी आता शेवटच्या टप्प्यावर आलीय. एकदा एकटीने फेरी मारून आली की निम्मी वैमानिक झाली.

१२ फेब्रुवारी

साहेब, म्हणजे आमच्या शाळेचे प्रमुख, त्यांच्या आजारी वडिलांकडे गेलेत. कधी येतील सांगता येत नाही.

आमच्याकडे रीत अशी की एकाने शिकवायचं आणि पहिल्यांदा एकटं सोडण्याआधी दुसऱ्याने तपासायचं. माझ्या पोरांना नेहमी साहेब तपासतात. त्यांची एक खोड आहे. माझं पोर त्यांच्याकडे गेलं की आठवडाभर परत येत नाही. "आणखी थोड्या फेऱ्या मारून घेतो," म्हणतात, आणि मग स्वतःच सोडतात. मी रंगवलेल्या भिंतीवर शेवटचा ब्रश आपला असावा, अशी हौस असते एकेकाला. मी कधी मनाला लावून घेतलं नाही. मुंगीच्या बाबतीत मात्र ते इथे नाहीत याचं मला, लिहायला हरकत नाही, थोडं बरंच वाटलं. आमच्या पोरीला आम्हीच सोडू.

१५ फेब्रुवारी

साहेब नाहीत म्हटल्यावर तपासणी हेडमास्तरणीकडे जाते. मला ते पसंत नव्हतं. ही बाई मुंगीशेजारी हात मांडीवर घेऊन बसणार, एखादी गोष्ट चुकली की डोळे वटारणार, पोरगी बावरणार. तिचा आत्मविश्वास मी काडी-काडी जमवून उभा केलाय. म्हणून साहेबांना फोन केला. ते हॉस्पिटलच्या गडबडीत होते. मी म्हटलं, मुंगी तयार आहे, मॅडमच्या वेळा भरलेल्या आहेत, हवा उद्या छान आहे, मीच तपासून सोडू का? मॅडमच्या वेळा तशा मोकळ्या होत्या, पण असो.  साहेब म्हणाले, "मी येईपर्यंत थांबलात तर बरं." मी म्हटलं, पोरीचा धीर सुटेल. तेव्हा कुठे हो म्हणाले.

मुंगीला सांगितलं तर तिने माझ्या गळ्यातच उडी मारली. ताईला आत्ताच कळवू नको, उतरल्यावर फोन करू, असं ठरलं.

१६ फेब्रुवारी

मुंगी जिवंत आहे. आज एवढंच लिहवतंय.

१८ फेब्रुवारी

लिहून काढलं तर डोक्यातून जाईल, असं ही म्हणाली. माझी बायको सहसा सल्ले देत नाही, म्हणून ऐकतो.

सकाळी दोघांनी मिळून तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही वेळा विमान अगदी गादीवर टेकलं. मी पट्टा सोडून उतरलो, दार लावलं, काचेवर टकटक केली. ती हसली. मी धावपट्टीच्या कडेला गवतात वॉकीटॉकी घेऊन उभा राहिलो. ती उडाली ती इतकी छान की शेजारी उभ्या असलेल्या मेकॅनिकने मला कोपराने ढोसलं. वळणं नेटकी, उंची अचूक. वॉकीटॉकीवर तिचा आवाज सुद्धा मोठ्या बाईसारखा येत होता. उतरायला आली तेव्हाही सगळं जागच्या जागी होतं. मला बोलावंसं काहीच दिसलं नाही.

मग ती जमिनीजवळ आली, आणि तिने काहीच केलं नाही. नाक उचललंच नाही. वाट बघत असल्यासारखी तशीच सरळ खाली आली. पुढचं चाक आपटलं, विमान उसळलं. उसळल्यावर तिने दांडी पुढे ढकलली असावी. पुन्हा आपटलं, पुन्हा उसळलं, तिसऱ्या वेळी चाक मोडून नाक जमिनीत रुतलं आणि विमान उलटं झालं. मी वॉकीटॉकीत "ओढ, ओढ" म्हणत होतो असं मेकॅनिक सांगतो. मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच की माझा उजवा हात खिशात होता आणि मी मुठीत किल्ल्या इतक्या आवळल्या होत्या की अजून तळहातावर काळे-निळे वळ आहेत.

ती पट्ट्याला उलटी लोंबकळत होती. "मामा, मला पाय सापडत नाहीयेत," म्हणाली.

मी सारखा विचार करतोय. वारा नव्हता. सूर्य समोर नव्हता. त्या उश्यांपैकी एखादी सरकली का? झोप झाली नव्हती का? तीन वेळा जे जमलं ते चौथ्यांदा का जमू नये, हेच मला उमगत नाही.

२१ फेब्रुवारी

कमरेचा मणका चुरडला गेलाय. ऑपरेशन झालं. उजव्या पायाची बोटं हलतात, डाव्याची नाही. डॉक्टर म्हणतात, थांबून बघू. डॉक्टरांचं "थांबून बघू" म्हणजे काय ते कळण्याइतका मी म्हातारा झालोय.

ताई व्हरांड्यात बाकावर बसलेली असते. मला बघितलं की उठून माझ्यासाठी जागा करते. तिने एकदा तरी मला बोल लावले असते, चार शिव्या घातल्या असत्या तर सोसलं असतं. काल म्हणाली, "तू होतास म्हणून वाचली." मी मान खाली घालून चहा आणायला गेलो. चहाचे दोन कप हातात घेऊन जिन्यात उभा राहिलो आणि रडलो. एक नर्स थांबून विचारून गेली.

२४ फेब्रुवारी

चौकशीवाले आलेत. दोघं आहेत. एक फोटो काढतो, दुसरा बोलतो. बोलणारा माझ्याच वयाचा, पूर्वी वैमानिक होता म्हणे. विमानात काही बिघाड सापडला नाही, हे त्याने पहिल्यांदाच सांगून टाकलं. मग मला विचारलं, शेवटच्या क्षणी तुम्ही काय करता? मी म्हटलं, काही नाही, विद्यार्थीच करतो. दांडीला हात? मी म्हटलं, दोन बोटं असतात, नुसती. त्याने माझ्या हाताकडे बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मला त्याचं बघणं आवडलं नाही.

मॅडमना तपासायला का दिलं नाही, हेही विचारलं. मी सांगितलं की साहेबांची परवानगी होती. खरंच तर होती.

२८ फेब्रुवारी

चौकशी संपेपर्यंत मी जमिनीवर. माझे चारही विद्यार्थी हेडमास्तरणीकडे दिलेत. आज खिडकीतून बघत बसलो होतो. बघवलं नाही. लंबू, माझा सगळ्यात तयार विद्यार्थी, त्याने विमान असं आपटलं की मी खुर्चीतून उठलो. मग माझा दुसरा विद्यार्थी, चष्मेवाला. तोही तसाच. दोन दिवसांत या बाईने चारही पोरांची वाट लावली. माझ्याकडे लोण्यासारखं काम करत होती आणि तिच्या शेजारी बसली की हातपाय गळतात. भीती घातली की असंच होणार.

संध्याकाळी तिला गाठून बोललोच. आवाज चढला माझा. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "सर, चौघंही एकाच जागी चुकतायत. जमिनीजवळ आलं की चौघंही थांबतात." मी म्हटलं, मग तुझ्याच शिकवण्यात काहीतरी आहे.  डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मला वाटलं, चला, निदान लाज तरी आहे.

३ मार्च

घरात मी कोणाशी धड बोलत नाही. आज जेवताना हिला हेडमास्तरणीचा सगळा पाढा वाचून दाखवला. ही पोळी मोडत ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "तुम्ही मला गाडी शिकवली होती, आठवतं?"

न आठवायला काय झालं? नवीन लग्न झालं होतं. रोज संध्याकाळी रिकाम्या रस्त्यावर जायचो. छान चालवायची. मग अचानक सोडूनच दिली.

"छान नव्हते चालवत. स्टिअरिंगवर तुमचा एक हात असायचा. मी एकदा तुम्ही कामावर गेल्यावर किल्ली घेऊन एकटी बसले. फाटकाबाहेर सुद्धा काढता आली नाही. मग कानाला खडा लावला."

मी म्हटलं, हे मला कधी सांगितलं नाहीस. ती म्हणाली, तुम्ही इतके खुश असायचात. बायकांना कुठला विषय कुठे नेऊन जोडायचा याला काही धरबंद नसतो. मी ताटावरून उठलो. उठायला नको होतं, पण उठलो.

५ मार्च

आज मुंगी बरीच बोलली. पाठीला पट्टा आहे, उशीवर डोकं जरा उंच केलंय. चौकशीवाले तिच्याकडेही येऊन गेले. तिने त्यांना सांगितलं, मामाने सगळं नीट शिकवलं होतं, माझ्या हाताला सगळं येत होतं, मीच ऐन वेळी विसरले. "तुला काही त्रास होणार नाही मामा. मी स्पष्ट सांगितलंय, चूक माझी आहे."

 या अवस्थेत पोरीला माझी काळजी. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, बाळा, चूक होते, मोठमोठ्यांच्या हातून होते, तू मनाला लावून घेऊ नको. तिने मान हलवली. मग भिंतीकडे बघत म्हणाली की दिवसभर ती तेच एक लँडिंग करत असते, आणि दर वेळी तिच्या हाताला पुढे काय करायचं ते आठवतच नाही. "आईचं मी काय करून ठेवलं, मामा."

मला वाटतं तिला कुणीतरी मानसोपचारवाला दाखवायला हवा. ताईला सांगतो.

घरी येताना मन बरंच हलकं झालं होतं. चौकशीचं एक ओझं उतरलं म्हणून असेल.

९ मार्च

साहेब परत आले. वडील गेले त्यांचे. मी भेटायला गेलो तर त्यांनी मला बसू दिलं नाही. म्हणाले, चला, एक फेरी मारून येऊ. मी म्हटलं, मला बंदी आहे. "तुम्हाला शिकवायची बंदी आहे. मी विद्यार्थी नाही. मी उडवतो, तुम्ही शेजारी बसा. तुमच्या नेहमीच्या जागी, नेहमीसारखे."

वर गेलो. खाली शाळेचं पत्र्याचं छप्पर, रस्ता, ट्रक. गवतात जिथे विमान उलटं पडलं होतं तिथे अजून काळा डाग आहे.  साहेबांनी वळण घेतलं, इंजिन मंद केलं, विमान झाडांच्या शेंड्यांवरून धावपट्टीच्या सरळ रेषेत आणलं. हात थोडा जड वाटला त्यांचा, सुतकात असलेला माणूस, म्हटलं चालायचंच. पण टेकलं मात्र सुरेख. चाकं कधी लागली कळलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "वा साहेब. काय उतरवलंत."

ते काही बोलले नाहीत म्हणून मी वळून बघितलं. त्यांचे दोन्ही हात वर होते. डोक्याच्या वर, छताला टेकलेले. कुणी बंदूक रोखल्यावर करतात तसे.

"झाडांवरून आलो तेव्हापासून असेच आहेत," ते म्हणाले.

मी खाली बघितलं. दांडी पूर्ण मागे होती, माझ्या पोटाशी. आणि तिच्यावर माझी दोन बोटं.

१० मार्च

काल पुढचं लिहवलं नाही.

विमान उभं करून आम्ही दोघं आतच बसलो होतो. मी म्हटलं, साहेब, मला कळत नव्हतं. देवाशप्पथ, मला खरंच कळत नव्हतं. ते म्हणाले, तुम्हाला कळत नाही हे मला माहीत होतं. मग त्यांनीच सांगितलं. माझी पोरं त्यांच्याकडे तपासणीला आली की एकालाही उतरवता यायचं नाही. आठवडाभर ते त्यांना शून्यापासून उतरवायला शिकवायचे आणि मग सोडायचे. पोरांना वाटायचं साहेबांसमोर आपण घाबरतो. मला वाटायचं साहेबांना हौस आहे.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत?

"तुमच्याइतका जीव लावून शिकवणारा माणूस माझ्याकडे दुसरा नाही. तुम्ही दुखावला असता, सोडून गेला असता. म्हटलं, मी आहे तोवर निस्तरतो." मग म्हणाले, "त्या दिवशी फोनवर मी नाही म्हणायला हवं होतं. आत वडिलांना ऑक्सिजन लावत होते."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. नंतर मेकॅनिक येऊन पंख्याला हात लावून गेला, तेव्हा उतरलो.

घरी आल्यावर हिने विचारलं नाही. मीच सांगितलं. ही माझ्याजवळ येऊन बसली. मला सारखा लंबू दिसतोय, चष्मेवाला दिसतोय, जमिनीजवळ येऊन थांबलेले. आणि मुंगी. तिला विसर पडला नव्हता. तिच्या हाताला ते कधी आलेलंच नव्हतं. ती दुसऱ्या कुणीतरी ओढण्याची वाट बघत होती आणि तो दुसरा गवतात खिशात हात घालून उभा होता.

१२ मार्च

चौकशीवाल्यांकडे गेलो. निष्कर्ष जवळजवळ ठरला होता, विद्यार्थिनीची चूक. मी सगळं सांगितलं, मॅडमच्या मोकळ्या वेळांसकट. साहेबांना मध्ये आणणार नव्हतो, पण ते माझ्याआधीच येऊन सांगून गेले होते. तो माणूस म्हणाला, तुम्हाला माहीत आहे ना, यानंतर तुम्हाला शिकवता येणार नाही? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, पहिल्या दिवशी मी तुमची बोटं बघितली होती. टेबलावर सुद्धा ती काहीतरी धरल्यासारखी होती.

येताना हेडमास्तरणीची माफी मागितली.  ती म्हणाली, लंबूने आज दोनदा नीट उतरवलं. स्वतः.

उद्या मुंगीला सांगायचं. तिच्या डोक्यावरचं हे ओझं एकदा उतरलं की बाकीचं बघता येईल. निदान एवढं तरी माझ्या हातून तिला मिळेल. याच एका विचाराने आज जेवण गेलं.

१३ मार्च

ताईला आधी सांगितलं, व्हरांड्यात. तिने ऐकलं आणि बाकावर मला जागा करायला सरकलेली ती पुन्हा मध्ये सरकून बसली.  मी उभा राहिलो आणि मग आत गेलो.

मुंगीला सांगताना मी एकदाही थांबलो नाही. बोटांचं, साहेबांच्या वर केलेल्या हातांचं, चौघा पोरांचं, सगळं. म्हटलं, तू काही विसरली नाहीस. तुझी चूक नव्हती, सगळी माझी होती, आणि आता तसंच लिहिलं जाणार आहे. मला वाटलं होतं ती रडेल, मला शिव्या देईल, आणि मग तिला हायसं वाटेल.

ती छताकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे एकही नाही?"

मी विचारलं, काय एकही नाही?

"लँडिंग. मी केलेलं एकही नाही?"

 ती म्हणाली, "आई पहिल्यांदा बघायला आली होती तेव्हाचं? आडवा वारा होता. आई कुंपणापाशी उभी होती. उतरल्यावर तू म्हणालास, आता मला शिकवण्यासारखं काही उरलं नाही. ते तरी माझं होतं ना?"

मी हो म्हणू शकलो असतो. ते शब्द तोंडापर्यंत आले होते. पण मी आठवून बघितलं, खरंच डोळे मिटून आठवून बघितलं, आणि मला त्या दिवसाचं सगळं आठवलं, ताईचा हलणारा हात सुद्धा. माझी बोटं तेवढी आठवली नाहीत.

"माहीत नाही गं," मी म्हटलं.

"तुला माहीत नाही?"

"नाही. मला कळायचंच नाही."

तिने डोळे मिटले. म्हणाली, इथे पडल्या-पडल्या वाईट वाटलं की मी तेच आठवायचे. म्हटलं पाय गेले तर गेले, पण एकदा आपल्याला ते आलं होतं. चूक झाली म्हणजे आधी येत तरी होतं.

 खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिची कूस बदलायची वेळ झाली होती. इतके दिवस ते मी आणि ताई करत आलोय, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. मी सवयीने उठलो आणि हात पुढे केला.

"तू नको," ती म्हणाली. "सिस्टरला बोलाव."

मी सिस्टरला बोलावलं आणि दाराबाहेर थांबलो. आत पलंगाचा दांडा खाली केल्याचा आवाज आला. सिस्टर तिला धरून वळवत असावी. मग मुंगीचा आवाज आला, सोडा, मी बघते. सिस्टर म्हणाली, अजून जमणार नाही, परत पाठीवर पडशील. मुंगी म्हणाली, "पडू दे. सोडा तुम्ही."

ताई बाकावरून उठून दारापाशी आली होती. आम्ही दोघं ऐकत उभे होतो. आत बराच वेळ काहीच आवाज नव्हता, मग गादीवर पडल्याचा आवाज आला, मग पुन्हा काही नाही, आणि मग ती परत प्रयत्न करतेय हे तिच्या श्वासावरून कळलं.